ओटीपी कोणाच्या मोबाईलवर? एका दुकानातल्या प्रसूती रजेचं प्रकरण

ही हकिगत २०२३ सालची आहे. तापीकाठच्या एका तालुक्याच्या गावातलं बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान, तिथं हिशेब सांभाळणारी मनीषा आणि दुकानाचे मालक आबा. दोघांना विचारूनच लिहिते आहे. नावं बदलली आहेत, गाव सांगत नाही. रकमा आणि तारखा मात्र तशाच ठेवल्या आहेत, कारण बऱ्याच गोष्टी त्यांच्यावरच अडल्या आणि त्यांच्यावरच सुटल्या.

मी जळगाव जिल्ह्यातल्या छोट्या दुकानांची पगारपत्रकं आणि भविष्य निर्वाह निधीचं काम बघते. मला फी मालक देतात. हे आधीच सांगते, कारण या प्रकरणात मला मालकानंही सल्ला विचारला आणि कामावरच्या बाईनंही.

पार्श्वभूमी

मनीषा बी.कॉम. झालेली, वय सत्तावीस, आबांकडे तिसरं वर्ष. रोज ४८० रुपये. दुकान बंद असेल तो दिवस बिनपगारी. महिन्याला २६ दिवस भरले की १२,४८० हातात. नेमणुकीचं पत्र नाही, पण हजेरीपट होता आणि पगार बँकेत जमा व्हायचा. पुढं या दोन गोष्टींनी फार साथ दिली.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर तिच्याकडे, बिलं तिच्याकडे, उधारीची खाती तिच्याकडे. कुठल्या शेतकऱ्यानं मागच्या हंगामात किती पाकिटं नेली, कोणाचा कापूस विकला गेला की पैसे येतील, कोणाच्या घरात आजारपण आहे म्हणून तगादा लावायचा नाही, हे सगळं तिच्या डोक्यात. आबा साठीचे, माणूस दिलदार, पण संगणकाला हात लावत नाहीत. जीएसटीच्या पोर्टलवर मोबाईल नंबरही मनीषाचाच टाकलेला होता. रोज कोण ओटीपी विचारत बसणार, म्हणून पूर्वी कुणीतरी सोयीसाठी ते केलं होतं. त्या वेळी कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

फेब्रुवारीत पाचवा महिना लागल्यावर मनीषानं आबांना सांगितलं. डॉक्टरांनी तारीख दिली होती १८ जून. शेतीच्या दुकानात जून म्हणजे काय, हे खानदेशात कुणाला सांगायला नको. मृग लागतो, कपाशीच्या बियाण्याला रांगा लागतात, एका महिन्यात अर्ध्या वर्षाची विक्री होते.

अडचण पहिली: कायदा लागू आहे का

आबांनी मला एप्रिलमध्ये विचारलं, “ताई, सुट्टी देतो, पण सहा महिने घरी बसून पगार? आपलं दुकान केवढं!”

मी हजेरीपट पाहिला. त्यावर आठ नावं होती. प्रसूती लाभ कायदा, १९६१ दुकानाला लागू व्हायला दहा माणसं लागतात. मी फोनवरच सांगून टाकलं, आठच माणसं आहेत, कायद्यानं बंधन नाही, माणुसकीनं जे द्यायचं ते द्या.

हे माझं चुकलं होतं. मार्चअखेरचे कागद लावताना मागच्या जूनची व्हाउचरं हाती आली. हंगामात तीन पोरं महिनाभर कामाला होती. त्यांचा रोज मी ‘किरकोळ खर्च’ या खात्यात टाकत आले होते, म्हणून ती हजेरीपटावर कधी आलीच नाहीत. आठ आणि तीन, अकरा. कायदा सांगतो की मागच्या बारा महिन्यांत कुठल्याही एका दिवशी दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर तो लागू होतो. सरासरी बघायची नाही, आज किती आहेत तेही बघायचं नाही. एक दिवस पुरतो. इथं तर अख्खा महिना होता.

निर्णयाची पहिली जागा ही होती आणि ती माझी होती. व्हाउचरं मीच पाहिली होती. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. मी दुसऱ्या दिवशी दुकानात गेले, आबांसमोर कागद ठेवले आणि म्हणाले, मी चुकीचं सांगितलं, कायदा लागू आहे. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मग ती पोरं दाखवायचीच कशाला?” मी सांगितलं, व्हाउचरवर त्यांच्या सह्या आहेत, ते कागद मी फाडणार नाही आणि फाडले तर तुमचा माझा संबंध संपला. त्यांनी विषय सोडला. संध्याकाळी मनीषालाही मी हे जसंच्या तसं सांगितलं.

मधे एक सूचना आली ती सरकारी योजनेची. मातृवंदना योजनेचे पाच हजार पहिल्या बाळाला मिळतात, ते घे आणि मिटव, असं आबांच्या भावानं सुचवलं. पण दुसऱ्या कायद्याखाली असाच लाभ मिळणाऱ्या बाईला ती योजना नाही, आणि पाच हजारांनी मालकाची जबाबदारी काही फिटत नाही. कर्मचारी राज्य विमा लागू असता तर हा लाभ महामंडळानं दिला असता आणि आबांच्या खिशाला हात लागला नसता. इथं तो लागू नव्हता, म्हणून सगळा भार दुकानावर. आबांची कुरकुर मला त्यामुळं खोटी वाटली नाही. आठ माणसांच्या दुकानाला ही रक्कम मोठीच असते.

अडचण दुसरी: किती दिवसांचे पैसे

मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं असलं की बाई पात्र ठरते. मनीषाचे तर अडीचशेच्या वर होते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे, त्यांतले जास्तीत जास्त आठ बाळंतपणाआधी. तिनं तीन आठवडे आधी थांबायचं ठरवलं: २९ मे ते २६ नोव्हेंबर.

आबांचा हिशेब होता २६ आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, १५६ दिवस, ७४,८८० रुपये. रोजावर माणूस आहे, सुट्टीच्या दिवसाचा रोज एरवी देत नाही, तर आता का द्यायचा? वरवर पाहिलं तर बिनतोड मुद्दा. पण हाच वाद सर्वोच्च न्यायालयात कधीच निकाली निघाला आहे. बी. शाह विरुद्ध कामगार न्यायालय, कोईमतूर या १९७७ च्या निकालात मळ्यातल्या रोजंदारी बाईचाच प्रश्न होता, आणि न्यायालयानं सांगितलं की आठवडा म्हणजे सात दिवस, सुट्टीचा वार धरून. बाळंतीण सुट्टीच्या वारीही जेवते. म्हणजे १८२ दिवस, ८७,३६० रुपये. फरक १२,४८० चा, बरोबर तिच्या एका महिन्याच्या पगाराएवढा.

दुकानानं औषधपाण्याची मोफत सोय केलेली नव्हती, म्हणून ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा. एकूण ९०,८६०.

निकालाचं नाव ऐकल्यावर आबांनी या रकमेवर पुन्हा वाद घातला नाही. त्यांचा प्रश्न बदलला: “देईन, पण एकदम कुठून आणू?” बाळंतपणाआधीच्या दिवसांचे पैसे आगाऊ आणि उरलेले बाळाच्या जन्माचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत, असं कायदा म्हणतो. म्हणजे २१ दिवसांचे १०,०८० आधी आणि ७७,२८० जूनच्या मध्यावर, जेव्हा दुकानाचा पैसा न् पैसा मालात अडकलेला असतो आणि माल उधारीवर गेलेला असतो.

पहिली रक्कम २७ मे रोजी बँकेत जमा झाली. उरलेल्या रकमेबद्दल मनीषानं लिहून दिलं की पुरावा दिल्यावर ३०,००० आणि बोनस लगेच, बाकी ४७,२८० तीन सारख्या हप्त्यांत, १५,७६० प्रमाणे, जुलै ते सप्टेंबर. तो कागद मीच तयार केला. त्या वेळी मला वाटलं होतं, छान मार्ग काढला. पुढं त्यावर लिहिणार आहे.

अडचण तिसरी, जी कुणी लिहून ठेवली नव्हती

पैशांवर आम्ही तीन बैठका घेतल्या. रजेत फोन करायचा की नाही, यावर एक वाक्यही बोललो नाही.

मनीषा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाऊन आली होती. मेअखेर ती पुन्हा माहेरी गेली, पारोळ्याच्या बाजूला. जाण्याआधी तिनं एका बी.कॉम.च्या मुलाला दोन आठवडे टॅली शिकवलं. १५ जूनला शस्त्रक्रिया होऊन मुलगी झाली. १७ तारखेपासून फोन सुरू झाले. अमुक कंपनीच्या बियाण्याचा लॉट कुठल्या नावानं टाकलाय? तमक्याची जुनी बाकी कितीची? छपाई निघत नाही, काय करू? प्रत्येक फोन दोन-तीन मिनिटांचा. प्रत्येक वेळी “तब्येत कशी आहे बेटा” नं सुरुवात. म्हणून तिलाही वाटायचं, नाही कसं म्हणायचं?

२० जूनला मात्र हद्द झाली. तो जीएसटीआर-३बी हे जीएसटीचं महिन्याचं विवरणपत्र भरायचा शेवटचा दिवस आणि बाळाच्या सटीचा. घरात पूजेची तयारी, पाहुणे, मनीषाचे टाके ओले. दुकानात कर सल्लागाराचा माणूस विवरणपत्र उघडून बसलेला आणि ओटीपी येतोय मनीषाच्या मोबाईलवर. त्या दिवशी अकरा फोन झाले. ओटीपी वाचून सांगेपर्यंत त्याची मुदत संपायची, पुन्हा नवा. शेवटी तिच्या आईनं फोन घेतला आणि आबांना सुनावलं, “मनी आंडेर ओली बाळंतीन शे. काम काय पयी जाई का?” (माझी लेक ओली बाळंतीण आहे. काम काय पळून जाणार आहे का?) आणि फोन बंद करून कपाटात ठेवला.

विवरणपत्र २२ तारखेला भरलं गेलं. दोन दिवसांचं विलंब शुल्क रोज ५० प्रमाणे १०० रुपये आणि दोन दिवसांचं किरकोळ व्याज. हा आकडा मी मुद्दाम सांगते. अकरा फोन ज्यासाठी झाले, त्या उशिराची किंमत शेसव्वाशेच्या आत होती. आबांना ते माहीतच नव्हतं. “नोटीस येईल, दुकान सील होईल” असं कुणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं होतं.

मनीषानं मला जुलैच्या पहिल्या आठवड्यात फोन केला. रडत नव्हती, पण आवाज थकलेला होता. तिनं मोबाईलमधली यादी वाचून दाखवली: १७ जूनपासून दुकानाचे सदतीस फोन. “ताई, मी नोकरी सोडते. पैसेही नकोत.”

कोणते पर्याय होते

नोकरी सोडणं हा तिला सगळ्यात सोपा वाटत होता आणि तोच सगळ्यात महाग होता. हप्ते बाकी होते. राजीनाम्याची भाषा सुरू झाली की उरलेले पैसे मागणं अवघड होतं, हे मी इतर ठिकाणी पाहिलं आहे. मी तिला एवढंच म्हणाले, बाळंतपणाच्या महिन्यात असला निर्णय घेऊ नकोस, सव्वा महिन्यानं बोलू.

दुसरा पर्याय आबांनी सुचवला, आणि चांगल्या मनानं सुचवला: रोज दोन तास घरून काम कर, त्याचे वेगळे पैसे देतो. ऐकायला दोघांच्या फायद्याचं. पण बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामाला लावायला कायद्यानं सरळ बंदी आहे. मालकानं लावायचं नाही आणि तिनंही करायचं नाही. सहा आठवड्यांनंतरही रजेच्या काळात काम केलं तर तेवढ्या काळाचा लाभ ती गमावू शकते. म्हणजे दोन तासांच्या पैशांसाठी अख्ख्या दिवसाचे ४८० धोक्यात. घरून काम करण्याची तरतूद २०१७ च्या दुरुस्तीत आहे, पण ती लाभाचा काळ संपल्यावर आणि दोघांच्या संमतीनं. ही गल्लत मी अनेक दुकानांत पाहते. घरून काम हा रजेतलाच एक भाग आहे असं लोकांना वाटतं.

तिसरा पर्याय तक्रारीचा. निरीक्षकाकडे अर्ज करता येतो. लाभ नाकारला किंवा रजेत काढून टाकलं तर तीन महिने ते एक वर्ष कैद आणि दोन ते पाच हजार दंड अशी शिक्षा त्या वेळच्या कायद्यात होती. इथं लाभ नाकारलेला नव्हता, फोनांचा त्रास होता. मी मनीषाला हा दरवाजा उघडा असल्याचं सांगितलं आणि म्हटलं, सप्टेंबरचा हप्ता चुकला किंवा फोन थांबले नाहीत तर अर्ज मी लिहून देईन. मालकाकडून फी घेणाऱ्या माझ्यासारखीनं हे म्हणणं सोपं नव्हतं. आबांनाही मी ते सांगून ठेवलं.

चौथा पर्याय: फोन हा विषयच कागदावर आणायचा.

काय केलं

मी दुकानात गेले ती दुपारची, गिऱ्हाईक नसताना. कलमं काढून दाखवली नाहीत. आबांना विचारलं, तुमच्या सुनेचं बाळंतपण झालं तेव्हा सव्वा महिना तिला काय काय करू दिलं? ते लगेच म्हणाले, पाण्यात हात घालू दिला नाही, उन्हात पाऊल टाकू दिलं नाही, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, कानाला फडकं. मी म्हणाले, कायद्याचे सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस, तुमच्या सव्वा महिन्याहून चार-पाच दिवस जास्त. तुम्ही त्यातल्या एकाच दिवशी तिला अकरा फोन केले.

“फोन म्हणजे काय काम झालं का?” असं ते म्हणाले खरे, पण पुढचं वाक्य बोलले नाहीत. माझ्या मते सगळं प्रकरण त्या प्रश्नात होतं. आबांच्या लेखी पोती उचलणं काम, गल्ल्यावर बसणं काम, ओटीपी सांगणं म्हणजे नुसतं बोलणं. पण त्या ओटीपीशिवाय विवरणपत्र भरलं जात नव्हतं. ज्याच्यावाचून दुकान अडतं ते काम नाही तर काय?

मग आधी जीएसटी पोर्टलवरचा मोबाईल नंबर बदलला. ही दुरुस्ती अधिकाऱ्याच्या मंजुरीशिवाय होते, तिथंच बसून वीस मिनिटांत झाली. नंबर आबांचा टाकला. बँकेच्या आणि माल वाहतुकीच्या ई-वे बिलाच्या नोंदीही तपासल्या. त्यातली एक मनीषाच्याच नंबरवर निघाली, तीही बदलली. एवढ्यानं निम्मे फोन संपले.

मग एक पान लिहिलं, साध्या मराठीत, दोघांच्या सह्यांचं. २७ जुलैपर्यंत, म्हणजे सहा आठवडे पुरे होईपर्यंत, दुकानातून एकही फोन नाही. त्यानंतर गरज पडली तर आठवड्यातून एकदा, गुरुवारी दुपारी, पंधरा मिनिटांच्या आत, आणि तोही मनीषाला जमलं तर. विचारायचं ते आधी लिहून व्हॉट्सॲपवर पाठवायचं. वस्तू किंवा कागद कुठं आहे एवढंच विचारायचं. बिल बनव, खातं जुळव, शेतकऱ्याला फोन लाव असं काही सांगायचं नाही. फोन फक्त आबांनी करायचा, नव्या मुलानं नाही. आणि फोन उचलला नाही म्हणून रजेनंतर तिच्या कामात, रोजात किंवा जागेत फरक होणार नाही. शेवटचं वाक्य मनीषानं सांगून घालायला लावलं, कारण मधे आबांच्या तोंडून निघून गेलं होतं की नवा मुलगा चांगला तयार झाला तर त्यालाच कायम करू. रजेत काढून टाकणं किंवा नोकरीच्या अटी वाईट करणं बेकायदा आहेच, पण सहीचा कागद हाती असला की धीर येतो.

नव्या मुलाला मी माझ्याकडं चार दुपारी बोलावून टॅलीतली खाती दाखवली. त्याचे पैसे घेतले नाहीत. सुरुवातीच्या चुकीत माझा वाटा होता.

काय झालं

२७ जुलैपर्यंत एकच फोन गेला, तोही चुकून, आणि आबांनीच तो तोडला. पुढच्या चार महिन्यांत गुरुवारचे फोन सात झाले. श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या रविवारी आबांच्या घरून मनीषाकडे रोटांचा प्रसाद गेला. त्या दिवशी कामाचा शब्द निघाला नाही, हे तिनं मला आवर्जून सांगितलं.

नव्या मुलाच्या हातून चुका झाल्या. दोन शेतकऱ्यांची उधारी एकमेकांच्या नावावर पडली आणि त्यावरून दुकानात भांडण झालं. ते नुकसान खरं होतं. फोन बंद ठेवण्याची किंमत दुकानानं मोजली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

मनीषा सोमवारी, २७ नोव्हेंबरला कामावर आली. मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन वेळा पाजायला सुट्टी मिळते. सासू बाळाला दुपारी बारा आणि चारच्या सुमारास दुकानामागच्या गोदामातल्या खोलीत आणायची. औषधांचे डबे त्या खोलीतून हलवावेत, असं मनीषानं पहिल्याच दिवशी सांगितलं आणि ते हलवले गेले. पाळणाघराची सक्ती पन्नास माणसांपासून पुढे आहे, तेव्हा यापलीकडे कायद्यानं काही मागता येत नव्हतं. डिसेंबरपासून आठवड्यातले दोन दिवस ती घरून टॅली करते, पूर्ण रोजावर.

वेगळं काय करता आलं असतं

हप्त्यांचा कागद. जुलैचा हप्ता वेळेवर आला, ऑगस्टचा दहा दिवस उशिरा, सप्टेंबरचा दसऱ्याला, २४ ऑक्टोबरला. मी समजत होते की थोडं मागंपुढं झालं तरी चालतं, पैसे तर आले. डिसेंबरात मनीषानं बोलता बोलता सांगितलं की दवाखान्याच्या बिलासाठी तिनं जूनमध्ये गळ्यातली पोत गहाण ठेवली होती आणि व्याज भरत होती. ४८ तासांची मुदत कायद्यात का आहे, ते मला त्या दिवशी नीट कळलं. तिनं सही राजीखुशीनं केली होती, पण ओली बाळंतीण होऊ घातलेली बाई मालकाला आणि सल्लागाराला किती नाही म्हणणार? सही मिळाली म्हणजे संमती होती, असं मी धरून चालले.

आज असं प्रकरण आलं तर मी हप्ते बाळंतपणाच्या आधी पाडीन. मनीषानं फेब्रुवारीत सांगितलं होतं. फेब्रुवारी ते मे हे चार महिने दरमहा २१,८४० वेगळे काढले असते तर पूर्ण ८७,३६० जूनच्या आधी तयार असते. आबांना तेव्हा मागच्या कापसाचे पैसे येत होते. मी मात्र एप्रिलपर्यंत हिशेबच मांडला नाही.

हंगामी माणसांची नावं मी आता सगळ्याच दुकानांत हजेरीपटावर घेते. आणि नेमणुकीच्या वेळीच प्रसूती लाभाची माहिती लेखी द्यायची असते. मी वीस वर्षांच्या कामात ती कुठल्याच दुकानाकडून देववली नव्हती.

ही घटना १९६१ च्या कायद्याखालची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे. दहा माणसांची मर्यादा, ८० दिवस, २६ आठवडे, बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांची बंदी आणि ३,५०० चा बोनस तिच्यातही आहेत. कलमांचे आकडे आणि शिक्षेची तरतूद बदलली, म्हणून अर्ज लिहिताना ते नवं घालायचं.

ज्या ज्या दुकानात बाई हिशेबाला आहे, तिथं आता मी पहिल्यांदा एक गोष्ट बघते: पोर्टलवर, बँकेत, ई-वे बिलावर नंबर कोणाचा आहे. मागच्या वर्षभरात सहा ठिकाणी तो कामावरच्या बाईचाच निघाला. त्यातल्या एकीचा सातवा महिना होता.